दुसरी चावी

माझी पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीवालीचा आवाज चढाच असतो, त्याला इलाज नाही. घरात साधं "चहा घेता का" म्हटलं तरी नवरा दचकतो. तेव्हा पुढचं सगळं जरा मोठ्यानं ऐकू आलं तर सांभाळून घ्या. सुमन सिस्टरबद्दल हळू बोलणं मला जमणारही नाही.

आमच्या भिंतीला भिंत लावून एक जागा आहे. मधे अंगण, तिन्ही बाजूंनी पत्र्याच्या एकेका खोलीची रांग, कोपऱ्यात मोरी, दाराशी कडुनिंब. लोखंडाच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्या बाहेरगावच्या मजुरांसाठी मालकानं ती बांधली होती. मजूर गेले, खोल्या ओस पडल्या, मग सिस्टर आल्या. आज त्या जागेला बाहेरून एकच कुलूप आहे, मालकाचं. सकाळी गिरणीचं शटर वर केलं की आधी ते दिसतं आणि माझं डोकं फिरतं. सिस्टर होत्या तेव्हा तिथं जितक्या खोल्या तितकी कुलपं होती, आणि त्यातल्या एकाचीही चावी सिस्टरकडे नव्हती.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या. अंबड, घनसावंगी, शेवटी जालना, सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली. लग्न केलं नाही. उंच, सावळ्या, निवृत्त झाल्यावरही पांढरी सुती साडी सुटली नाही. पायात पुरुषी चपला, कमरेला कापडी पिशवी, पिशवीत थर्मामीटर आणि सुपारीचा अडकित्ता. सुपारी स्वतः दिवसभर खायच्या, पण दुसऱ्यानं मागितली की दातांवर भाषण. रस्ता ओलांडताना डावं-उजवं बघायचं नाही, नुसता हात वर करायचा. ट्रकवालासुद्धा थांबायचा, काय करील? संध्याकाळी माझ्याकडे मालिका बघायला यायच्या आणि सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तिला शिव्या द्यायच्या. "ही बाई दिवसभर जिन्यात उभी राहून रडून राह्यली. हिला काम न्हाई का कायी?" मी म्हणायचे, मग बघता कशाला? तर म्हणायच्या, "तिला काम लागतं का ते बघते."

नोकरीत असताना त्या गावातल्या एका बालगृहातल्या मुलांना तपासायला जायच्या. ज्यांचं कुणी नाही, किंवा असून नाही, अशी मुलं तिथं वाढतात. अठरा पूर्ण झाली की त्यांना तिथून निघावं लागतं. पुढं सरकारची सोय असते म्हणतात, पण ती कुठं असते, जागा कधी होते, हे त्या वयाच्या लेकराला कोण सांगणार? एका हातात कागदांची फाईल, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी, आणि गेटच्या बाहेर. सिस्टरांनी ते बरेचदा पाहिलं होतं. पाहून घरी जाऊन जेवल्याही होत्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

"मंग मी रिटायर झाल्ते," त्या म्हणाल्या. "क्वार्टर सोडा म्हणले. सोडलं. ट्रंक घेऊन बसस्टँडवर बसल्ते. कंडक्टर विचारतो, बाई, कुठं जायचं? मला गावाचं नावच सांगता येईना. एवढी नोकरी केली, पण माझं म्हणावं असं दार न्हाई कुठं. तवा ती गेटवरची पोरं आठवली बघा."

त्यांनी ती सगळी जागाच भाड्यानं घेतली. पेन्शन त्यात घातलं आणि बालगृहातून निघालेल्या मुलामुलींना एकेक खोली दिली. एका रांगेत मुली, समोरच्या रांगेत मुलं, मधे अंगणात स्वतःची खाट.

नवीन कुणी आलं की पहिलं काम ठरलेलं. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्याला घेऊन बाजारात कुलपाच्या दुकानात जायचं. कुलूप ज्याचं त्यानं निवडायचं. सिस्टर बाजूला सुपारी कातरत उभ्या. कुणी दिवाणखान्याला शोभेल असं पितळी घ्यायचं, कुणी सायकलचं असतं तेवढं. त्या "हे घे, ते घे" काही म्हणायच्या नाहीत. परत आल्यावर सांगायच्या, "दोन्ही चाव्या तुझ्या. एक जवळ ठेव. दुसरी कुणाला द्यायची ते तू ठरव. जल्दी न्हाई. पण मला द्यायची न्हाई."

मग ते पोर घाबरत विचारायचं, "सिस्टर, भाडं किती?"

"जमेल ते. पण महिन्याच्या महिन्याला, माझ्या हातात."

मी एकदा म्हटलं, अहो, लेकरांकडून कशाला घेता? तर माझ्यावरच चढल्या. "फुकट राह्यलं की माणूस पाहुणा व्हतो, लताबाई. पाहुण्याला कवाबी ऊठ म्हणता येतं. भाडं देणाऱ्याला असं उठवता येतं का?" एका मुलाला काम नव्हतं, त्यानं एका महिन्याला मोसंबीची पिशवी आणून दिली. कुठल्या बागेत तोडणीला गेला होता म्हणे. सिस्टरांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि महिनाभर सगळ्यांना सांगत सुटल्या की याचं भाडं बराबर आलं.

आणि आणखी एक. त्यांना आई म्हणायचं नाही. ही पोरं कुणालाही पटकन आई म्हणतात हो, त्यांची चूक नाही. पण सिस्टर लालबुंद व्हायच्या. "खोली दिली, आई न्हाई दिली. सिस्टर म्हण, बाई म्हण, म्हातारे म्हण. आई म्हणायचं न्हाई." मला ते फार कठोर वाटायचं आणि मी तसं तोंडावर सांगायचे. त्या ऐकून घ्यायच्या नाहीत.

मनीषा आली तेव्हाची गोष्ट सांगते. बारीक, सावळी, बोलायला लागली की ओढणीचं टोक पिळायची. तिनं सगळ्यात मोठं कुलूप घेतलं. एवढ्याशा दाराला ते लटकवलं की दार एका बाजूला कलायचं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडलं, उन्हं अंगणात आली, सगळे कामाला गेले, तरी ही खोलीतच. सिस्टर खाटेवर बसून बघतायत. दार नुसतं लोटलेलं. मी पिठाचा डबा द्यायला गेले आणि म्हटलं, अगं, तोंड धुवायचं की नाही? ती आत भिंतीला टेकून बसली होती, आंघोळीचा टॉवेल मांडीवर घेऊन. म्हणाली, "काकू, अजून कुणी बाहेर या म्हणलं न्हाई."

तिथं बालगृहात रोज कुणीतरी दार उघडायचं आणि या म्हणायचं. ती जन्मभर तशीच उठली होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सिस्टरांना म्हटलं, तुम्ही इथं बसून होतात, हाक नाही मारलीत? त्या म्हणाल्या, "आज मारली आसती तर उद्याबी वाट बघत बसली आसती." असल्या बाईला काय म्हणावं? पण तिसऱ्या दिवशी मनीषा आपली आपण बाहेर आली, नळाखाली तोंड धुतलं, आणि सिस्टरांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

त्याच मुलीनं एकदा संध्याकाळी परात भरून पीठ मळलं. सबंध डबा. भाकऱ्यांची चळत लागली तरी थांबेना. मी ओरडले, अगं, कुणाचं लग्न आहे? तर रडकुंडीला येऊन म्हणाली, तिथं स्वयंपाकाला तिची पाळी असायची, तिला सगळ्या बालगृहाचं पीठ मळता येतं, एकटीचं किती घ्यायचं ते ठाऊकच नाही. त्या दिवशी आख्ख्या गल्लीनं तिच्या भाकऱ्या खाल्ल्या. मग मी तिला ओंजळीचं माप शिकवलं. माझ्या गिरणीचा तेवढा उपयोग झाला.

एक जूनला तिथं फार मजा असायची. ज्यांची जन्मतारीख ठाऊक नाही त्यांची कागदावर एक जूनच लावतात, आपल्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस तोच. त्या अंगणात झाडून सगळ्यांचा एक जून. सिस्टरांचाही तोच, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेला. "सरकारनं आपल्याला जुळे करून ठेवलंय," असं म्हणून त्या एक केक आणायच्या, तो सगळ्यांनी मिळून कापायचा. सुरी धरायला इतके हात की केकचा चुरा व्हायचा. विष्णू नावाचा मुलगा होता, तो तो चुरा बोटांनी गोळा करून प्रत्येकाच्या तोंडात घालायचा.

या विष्णूपाशी आलं की माझा आवाज खाली येतो.

विष्णू लहानपणी रेल्वे स्टेशनवर सापडलेला. नावसुद्धा तिथल्या कुणीतरी ठेवलेलं. गॅरेजमध्ये कामाला होता, कायम हसरा, हाताला कायम ऑईल. एके दिवशी गॅरेजवर एक माणूस आला, वडीगोद्रीकडचा म्हणाला. विष्णूकडे बघतच राहिला. "तू आमच्या बाळूचा पोरगा तर न्हाई? आमचं एक लेकरू लहानपणी गाडीत हरवल्तं. तुझं नाक बराबर माझ्या भावावानी हाय."

बस, एवढंच. पोरगं जमिनीवर राहिलं नाही. त्या माणसाला घेऊन आधी माझ्या गिरणीत आलं. "काकू, हे माझे काका." त्याला चहा पाजला, गल्लीतल्या प्रत्येक दारात नेऊन दाखवला. आणि त्याच आठवड्यात खोलीची दुसरी चावी काढून त्याच्या हातात दिली. घरच्या माणसाला नाही द्यायची तर कुणाला द्यायची?

मी सिस्टरांना म्हटलं, हा माणूस मला बरोबर दिसत नाही. नजर ठरत नाही त्याची. तुम्ही विचारा तरी, गाव कुठलं, घर कुठलं.

"चावी विष्णूची हाय," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी सुपारी कातरली ती फार वेळ कातरत बसल्या.

पुढं भर दुपारी पोलीस आले. विष्णू कामावर होता. त्याच्या खाटेखाली विहिरीवरच्या मोटारींच्या केबली निघाल्या, रानारानांतून कापून आणलेल्या, आतल्या तांब्यासाठी. काका गायब. विष्णूला गॅरेजमधून उचललं. सगळी गल्ली गोळा झाली आणि ज्यांनी मनीषाच्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या तेच म्हणायला लागले, असली बेवारशी पोरं आणून ठेवल्यावर दुसरं काय होणार? मी गिरणी बंद करून एकेकाला जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सिस्टर चौकीत जाऊन बाकावर बसल्या. गॅरेजवाला भला, त्यानं येऊन सांगितलं की पोरगा दिवसभर माझ्यासमोर असतो. संध्याकाळी विष्णूला सोडलं. दोघं चालत आले. अंगणात मी होते, मनीषा होती. विष्णूनं मार खाल्ला होता का ते मी विचारलं नाही. त्यानंच सिस्टरांना विचारलं, अगदी हळू.

"सिस्टर, मंग ते माझे काका न्हाईत का?"

पोलिसाचं नाही, केबलीचं नाही, गल्लीचं नाही. एवढंच विचारलं त्यानं.

सिस्टर कधी खोटं बोलल्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. त्या म्हणाल्या, "न्हाई, बाळा." बाळा हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

सकाळी विष्णूच्या दाराला कुलूप होतं आणि विष्णू नव्हता. गॅरेजवरही नाही. कुठंच नाही.

त्यानंतर सिस्टर बदलल्या. मालिका बघायला यायच्या, पण शिव्या द्यायच्या नाहीत. आठवड्यातून एकदा बसनं वडीगोद्रीला जायच्या, हमरस्त्यावरच्या गॅरेजांत, टायरच्या दुकानांत, हॉटेलांत विचारत फिरायच्या. परत येऊन पाय दाबत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "लताबाई, मी या पोरांना कुलूप लावाय शिकवलं. चावी कुणाला द्यायची ते शिकवलंच न्हाई. मला वाटलं, येतं आपोआप. घरात वाढलेल्याला येतं. यांना कुठून यावं?"

मालक येऊन म्हणाला, ती खोली उघडा, दुसरं कुणी ठेवा, नाहीतर रिकामी करा. सिस्टर दारासमोर उभ्या राहिल्या. "कुलूप त्याचं हाय. तोडायचं न्हाई. त्याचं भाडं मी देते." गल्लीनं मालकाकडे तक्रार केली होती, ती त्याच्या खिशात होतीच. करार अकरा महिन्यांचा. संपला की बघतो, असं म्हणून तो गेला.

करार संपायच्या आधी सिस्टरच पडल्या. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यानं, कधी त्याच्याही पुढं येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीत रणधुमाळी. सिस्टर नळाजवळ उभं राहून हंडे लावून घ्यायच्या, कुणी मधे घुसलं की त्यांचा आवाज माझ्या गिरणीच्या वर जायचा. त्या दिवशी तो आवाज अर्ध्यातच थांबला. मी बाहेर आले तर त्या घागरींमधे खाली बसलेल्या, तोंड एका बाजूला वाकडं, आणि नळ वाहतोय. मनीषानं आधी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. पलीकडचा एकजण मात्र आपला हंडा लावून मोकळा झाला. त्याला मी अजून पीठ दळून देत नाही.

उजवा हात, उजवा पाय गेला. वाचा गेली, थोडी आली. कुंभार पिंपळगावहून त्यांचा भाचा भास्कर आला आणि दवाखान्यातूनच गाडीत घालून घेऊन गेला. भास्कर वाईट माणूस नाही. आत्याच्या पगारावर शिकला हे तो विसरलेला नाही.

इकडं मालक म्हणाला, बाई गेल्या, आता करार कुणाच्या नावावर करायचा? मनीषा पुढं झाली. बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला होती, पगार वेळेवर होता. "माझ्या नावावर करा."

"तुझ्या मागं कोण हाय?" मालक हसला.

"मागं मी आहे!" मी ओरडले. तो म्हणाला, नवऱ्याला विचारलं का? माझ्या नवऱ्यानं पोलिसांचं नाव काढलं आणि मान खाली घातली. त्यानंतर आमच्या घरात बरेच दिवस धड बोलणं नव्हतं. पण माझ्या भांडण्यानं करार काही झाला नाही.

मुलं पांगली. कुणी कारखान्याच्या शेडमध्ये, कुणी पुण्याला, एक मुलगी कुणाच्या घरी कामाला राहिली आणि तिथंच स्वयंपाकघरात झोपते. विष्णूच्या दाराचं कुलूप मालकाच्या माणसानं हातोडीनं तोडलं. मी समोर होते. आत खाट, घडी घातलेलं पांघरूण, झाडलेली जमीन. चावी तो बरोबर घेऊन गेला होता. परत यायचं असल्याशिवाय कुणी चावी नेतं का? आता तो आला तर त्याच्या खिशातली चावी लावायला कुलूपच नाही.

मागच्या महिन्यात मनीषा आणि मी सिस्टरांना भेटायला गेलो. भास्करचं घर दोन खोल्यांचं, माणसं भरपूर. सिस्टरांची खाट ओसरीवर, आणि आडोशाला साडीचा पडदा. घरात जायची-यायची सरळ वाट खाटेच्या पायथ्याला घासूनच. आम्ही बसलो होतो तेवढ्यात सून, भास्करची बायको, घागर घेऊन आली, म्हणाली, "आत्या, जरा सरका." सिस्टरांनी डावा पाय आत घेतला, मग डावा हात पुढं नेऊन उजवा ओढला. मग भास्कर पोतं घेऊन आला. "आत्या, सरका जरा." पुन्हा तेच. कुणी वाईट बोललं नाही, कुणी आवाज चढवला नाही. मलाच तिथं बसवेना. जिच्या एका हातावर ट्रक थांबायचा ती बाई दिवसभर आपले पाय ओढत होती.

सिस्टर बऱ्याच वाळल्या होत्या. आम्हाला बघून त्यांचा एक डोळा हसला. मी गल्लीच्या गप्पा सांगितल्या, मालिकेतली बाई अजून जिन्यातच आहे हे सांगितलं. त्यांनी विष्णूचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, "व्हि... व्हि..." आणि मी नाही म्हणून मान हलवली.

मग मनीषानं ओढणीचं टोक पिळायला घेतलं. म्हणाली, "सिस्टर, मी चंदनझिऱ्याला खोली केली. माझ्या नावावर. कंपनीतल्या एका बाईचीच हाय, ती मागं कोण म्हणून विचारत न्हाई. खोली मोठी हाय. दोन खाटा बसतात."

तिनं गळ्यातला दोरा काढला. पहिल्या दिवसापासून, त्या मोठ्या कुलपाच्या वेळेपासून, तिची दुसरी चावी या दोऱ्यात असायची. एवढी वर्षं तिनं ती कुणालाच दिली नव्हती. आता दोऱ्यात नवी चावी होती. तिनं ती सोडवली आणि सिस्टरांच्या डाव्या हातावर ठेवली. "ही दुसरी."

भास्कर दारातून म्हणाला, "अगं बाई, आत्या कुठं जाणार? लोक काय म्हणतील आम्हाला? घरचं माणूस परक्याच्या दारी?"

सिस्टर चावीकडे बघत होत्या. आता म्हणतील, मला द्यायची न्हाई. मी वाटच बघत होते. त्यांचे ओठ एका बाजूनं हलले. शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागला.

"भा... डं," त्या म्हणाल्या. "भाडं... किती?"

मनीषा रडायला लागली. पण आवाज तिनं नीट ठेवला. "जमेल ते," ती म्हणाली. "पण महिन्याच्या महिन्याला. माझ्या हातात."

भास्कर म्हणाला, बघू, घरात विचारू, सुगी होऊ द्या. आमची बसची वेळ झाली होती. मी पायात चपला घालत होते तेव्हा आतून सून पुन्हा आली, रिकामी घागर कमरेला घेऊन. "आत्या, जरा सरका."

मी वळून बघितलं. सिस्टरांची डावी मूठ छातीशी मिटलेली होती. त्या सरकल्या नाहीत. सून थोडा वेळ थांबली आणि मग खाटेला वळसा घालून गेली.